रांगेत म्हातारे होण्याआधी

अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत एल्कच्या शिकारीला पहिल्यांदा जाऊ पाहणाऱ्या परराज्यातील माणसाला बहुतेक जाणकार एकच सल्ला देतात. आजपासून पॉइंट साठवायला लाग, दरवर्षी न चुकता अर्ज भर, धीर धर. पंधरा-वीस वर्षांनी उत्तम युनिटचा टॅग हाती येईल आणि आयुष्यभर पुरेल अशी शिकार होईल. या सल्ल्यात काटकसर आहे, संयम आहे, त्यामुळे तो शहाणपणाचा वाटतो. माझ्या मते तो उथळ आहे. तो प्रेफरन्स पॉइंटला बँकेतली ठेव समजतो आणि पहिल्या शिकारीला बक्षीस. प्रत्यक्षात पॉइंट म्हणजे रांगेतली एक जागा असते, आणि त्या रांगेची लांबी, वेग व नियम हे सगळे दुसऱ्यांच्या हातात असते. पहिली शिकार हे शिक्षण असते, आणि ते जितके लांबवावे तितके महाग पडते. म्हणून नवख्याने थोडे पॉइंट लवकर खर्च करावेत किंवा पॉइंटला हात न लावता मिळणारी शिकार आधी करावी, असे माझे ठाम म्हणणे आहे.

व्यवस्था कशी चालते

एल्क हे हरणकुळातले मोठे जनावर, काश्मीरच्या हंगुलाच्या जवळच्या नात्यातले. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोच्या पुढे जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, बाजारासाठी झालेल्या बेसुमार कत्तलीनंतर, उत्तर अमेरिकेत एल्क लाखाच्याही खाली आले होते. आज ते दहा लाखांच्या आसपास आहेत आणि सर्वांत मोठी संख्या कोलोरॅडोत आहे. ते ज्या डोंगरांत राहतात, त्यांतली बरीच जमीन फॉरेस्ट सर्व्हिस आणि ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय खात्यांची, म्हणजे सगळ्या देशाची आहे. जनावरांचे व्यवस्थापन मात्र राज्याकडे असते. राज्य कळपांचा अंदाज घेते, प्रदेशाचे युनिट पाडते आणि प्रत्येक युनिटमध्ये किती टॅग द्यायचे ते दरवर्षी ठरवते. एका टॅगवर एकच जनावर. मागणी टॅगपेक्षा जास्त असली की सोडत काढावी लागते.

बहुतेक राज्यांत सोडतीत टॅग न मिळालेल्याला किंवा नुसती पॉइंटची फी भरणाऱ्याला वर्षाला एक पॉइंट मिळतो. पण सोडतीची रीत राज्यागणिक वेगळी आहे. कोलोरॅडोत एल्कचे बहुतेक टॅग ज्याचे पॉइंट जास्त त्याला आधी, या सरळ नियमाने जातात. वायोमिंगने परराज्यातील एल्क-शिकाऱ्यांसाठी पॉइंटची पद्धत २००६ मध्ये आणली. तिथे पंचाहत्तर टक्के टॅग पॉइंटच्या क्रमाने दिले जातात आणि पंचवीस टक्के निव्वळ नशिबाने. ॲरिझोनात आणि नेव्हाडात पॉइंट असले तरी ते रांगेतला क्रम ठरवत नाहीत, ते बहुतांशी शक्यता वाढवतात. नेव्हाडात तर त्यांचा वर्ग केला जातो. मोंटानात सर्वसाधारण जोडपरवान्यासाठी एक प्रकारचे पॉइंट आणि मर्यादित परमिटसाठी दुसऱ्या प्रकारचे. न्यू मेक्सिकोत पॉइंट मुळीच नाहीत. तिथल्या सोडतीत चौऱ्याऐंशी टक्के टॅग रहिवाशांचे, दहा टक्के आउटफिटरबरोबर, म्हणजे शिकारीची सोय करून देणाऱ्या व्यावसायिकाबरोबर, करार केलेल्यांचे आणि उरलेले सहा टक्के बाहेरच्या बाकी सर्वांचे.

एवढ्या गुंतागुंतीसमोर नवखा माणूस गोंधळतो आणि ‘साठवत राहा’ या सोप्या सूत्राला धरून बसतो. ते सूत्र कुठे कुठे तुटते ते आता पाहू.

पहिला मुद्दा: पॉइंटवर हक्क सांगता येत नाही

ठेवीवर कायद्याने हक्क असतो. पॉइंटवर तसा नसतो, आणि त्याचे मूळ जुने आहे. १९७६ मध्ये मोंटानाच्या रहिवाशाला एल्कचा परवाना ९ डॉलरला मिळत होता, तर बाहेरच्याला एल्कसाठी २२५ डॉलरचा जोडपरवाना घ्यावा लागत होता. याविरुद्धचा बाल्डविन खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७८ मध्ये सहा विरुद्ध तीन अशा मतांनी न्यायालयाने राज्याच्या बाजूने निकाल दिला. परराज्यात जाऊन एल्कची शिकार करणे हा मनोरंजनाचा भाग आहे. ज्या मूलभूत बाबतींत सर्व राज्यांनी एकमेकांच्या नागरिकांना समान वागवलेच पाहिजे, त्यांत तो बसत नाही, असा त्या निकालाचा गाभा होता. पुढे २००२ मध्ये ॲरिझोनाच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेला एका संघराज्यीय अपील न्यायालयाने धक्का दिला, तेव्हा काँग्रेसने २००५ मध्ये कायदा करून रहिवासी आणि बाहेरचे यांत भेद करण्याचा राज्यांचा अधिकार पुन्हा पक्का केला.

याचा व्यावहारिक अर्थ कठोर आहे. ज्या व्यवस्थेत तुम्ही वीस वर्षे पैसे भरणार, तिच्यात तुमचे मत नाही. राज्यातले मतदार, तिथले आमदार आणि वन्यजीव आयोग नियम बदलू शकतात, आणि बदलतातही. कोलोरॅडोच्या पश्चिम भागातल्या बऱ्याच युनिटांत धनुष्यबाणाच्या हंगामाचा टॅग बाहेरच्या माणसाला वर्षानुवर्षे सोडतीशिवाय विकत मिळत असे. २०२५ पासून ती सोय बंद झाली. वायोमिंगने बाहेरच्यांसाठीच्या एल्कच्या जास्त दराच्या ‘स्पेशल’ परवान्याचा दर २०२४ मध्ये वाढवून १,९५० डॉलरवर नेला. राज्यांनी हे करू नये, असे माझे म्हणणे नाही. ज्या समाजाच्या शेतात एल्क गवत खातात आणि ज्याच्या कुंपणांचे ते नुकसान करतात, त्याने आपल्या लोकांना झुकते माप देणे मला समजू शकते. पण अशा व्यवस्थेत दोन दशकांची आखणी करणाऱ्याने आपण काय गृहीत धरतो आहोत हे स्वतःशी स्पष्ट म्हणून पाहावे: नियम हेच राहतील, दर परवडतील, कळप टिकतील आणि माझे गुडघेही.

दुसरा मुद्दा: रांगेचे गणित

हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण इथे शहाणी माणसेही फसतात.

एक काल्पनिक युनिट घेऊ. पद्धत सुरू झाल्यापासून तिथे बाहेरच्यांना दरवर्षी २० टॅग मिळतात आणि दरवर्षी ६० नवे लोक रांगेत येतात. मध्येच कोणी सोडून जात नाही असे धरू. पहिल्या वर्षीच्या साठ जणांना टॅग मिळायला तीन वर्षे लागतात. दुसऱ्या वर्षी आलेल्या साठ जणांची पाळी चौथ्या ते सहाव्या वर्षी येते. आता दहाव्या वर्षी रांगेत आलेला माणूस निकालाचा तक्ता उघडतो. त्या वर्षी चौथ्या वर्षीच्या तुकडीला टॅग मिळाले आहेत, म्हणजे सहा पॉइंटवाल्यांना. तो मनाशी म्हणतो, सहा वर्षे थांबायचे आहे. प्रत्यक्षात त्याच्या तुकडीची पाळी अठ्ठाविसाव्या ते तिसाव्या वर्षी येते. सहा दिसले, लागली अठरा ते वीस. विसाव्या वर्षी आलेल्याला अडतीस ते चाळीस वर्षे लागतील.

खऱ्या जगात लोक कंटाळून सोडतात, आजारी पडतात, दुसऱ्या युनिटवर पॉइंट खर्च करतात. त्यामुळे आकडे इतके भीषण नसतात. दिशा मात्र हीच असते. शिकारी या सरकण्याला ‘पॉइंट क्रीप’ म्हणतात आणि त्याविषयी हवामानाबद्दल बोलावे तसे बोलतात, जणू ती वरून आलेली गोष्ट आहे. ती सरळ बेरीज-वजाबाकी आहे. रांगेत येणारे रांगेतून बाहेर पडणाऱ्यांपेक्षा जास्त असतील, तर शेवटी उभा असलेला माणूस तक्त्यातल्या आकड्याच्या कितीतरी मागे असतो. कोलोरॅडोच्या वायव्य टोकाला असलेल्या २, १० आणि २०१ या युनिटांना चांगल्या हंगामासाठी वीसहून अधिक पॉइंट लागतात. आज शून्यावर असलेल्या तिशीतल्या माणसाने त्यांच्याकडे ध्येय म्हणून पाहणे हे गणिताशी भांडण आहे.

म्हणून निकालाच्या तक्त्यात मागच्या वर्षी किती पॉइंट लागले एवढेच पाहू नये. दोन गोष्टी शोधाव्यात. गेल्या पाच वर्षांत ती पातळी किती सरकली, आणि तुमच्या पुढे, प्रत्येक पायरीवर, किती माणसे उभी आहेत. पातळी दरवर्षी जवळपास एक पॉइंट वर जात असेल, तर तुम्ही आणि ती एकाच वेगाने चालला आहात. तुमच्यातले अंतर कधीच मिटणार नाही.

पैशांचाही हिशेब मांडावा. वायोमिंगमध्ये बाहेरच्या प्रौढाला एल्कचा एक पॉइंट ५२ डॉलरला पडतो. पंधरा वर्षांचे झाले ७८० डॉलर. तिथला साधा परवाना ६९२ डॉलरचा आहे. म्हणजे न केलेल्या शिकारीवर एका शिकारीच्या परवान्याहून अधिक खर्च होतो. शिवाय सलग दोन वर्षे अर्ज करायचा किंवा पॉइंट घ्यायचा राहिला, तर साठवलेले सगळे जातात.

तिसरा मुद्दा: उत्तम टॅग नवख्याच्या हाती वाया जातो

एल्कचा मुलूख बऱ्याचदा आठ ते दहा हजार फुटांवर असतो. कळसूबाईचा माथा ५,४०० फुटांवर आहे, हे आठवले की त्या उंचीवर पहाटे अंधारात पाठीवर ओझे घेऊन चढणे म्हणजे काय ते ध्यानात येईल. सप्टेंबरच्या मध्यापासून नर माजावर येतात आणि साद घालतात. ऑक्टोबरच्या मध्यानंतर ते गप्प होतात आणि दाट, उतरत्या रानात शिरतात. वारा सकाळी दरीकडे उतरतो आणि उन्हे वर आली की उलटा चढू लागतो. तो कधी फिरला हे अंगावर ओळखता आले नाही, तर एल्क दिसण्याआधीच निघून जातो. जनावर पडले की खरे काम सुरू होते. मोठ्या नराचे हाडे काढलेले मांस नव्वद-शंभर किलोंच्या घरात भरते. ते कापून, कापडी पिशव्यांत भरून, सावलीत गार करून अनेक खेपांत गाडीपर्यंत आणावे लागते. सप्टेंबरच्या उन्हात हाडाभोवतीचे मांस काही तासांत बिघडू शकते, आणि खाण्याजोगे मांस वाया घालवणे हा कायद्याने गुन्हा आहे.

यातले काहीही पॉइंटने शिकता येत नाही. कोलोरॅडोत सगळे हंगाम धरले तर साधारण पाचांत एका शिकाऱ्याला एल्क मिळतो. अपयश हा इथला नियम आहे, आणि त्या अपयशातूनच माणूस तयार होतो. वीस वर्षे थांबून पहिल्यांदा डोंगरात उतरलेला पंचावन्न वर्षांचा माणूस मात्र स्वतःला अपयशाची मुभा देऊ शकत नाही. त्याच्या मनावर वीस वर्षांचे ओझे असते. अशाच मनःस्थितीत माणूस चारशे यार्डांवरून, वारा न मोजता, घाईने बार टाकतो. जखमी जनावर रानात हरवते. माझ्या दृष्टीने ‘साठवत राहा’ या सल्ल्याचा सर्वांत मोठा दोष हाच आहे. तो शिकाऱ्याचे नुकसान करतोच, जनावराचेही करतो.

मग आखणी कशी करावी

आखणी तीन वर्षांच्या आत प्रत्यक्ष डोंगरात उतरण्याच्या हेतूने करावी. त्यासाठी पॉइंट मोडलेच पाहिजेत असे नाही, ही गोष्ट फार थोडे नवखे जाणतात. कोलोरॅडोत फक्त पहिल्या पसंतीचा टॅग मिळाला तरच पॉइंट खर्च होतात. पहिल्या पसंतीला केवळ पॉइंट मागणारा कोड टाकावा आणि दुसऱ्या पसंतीला कमी मागणीचा टॅग. तो मिळाला तर त्याच वर्षी शिकारही होते आणि पॉइंटही वाढतो. तिथे दुसऱ्या आणि तिसऱ्या रायफल हंगामांचे नराचे टॅग अनेक युनिटांत २०२५ मध्येही सोडतीशिवाय विकत मिळत होते. वायोमिंगमध्ये मादी किंवा पिल्लाचा कमी दराचा परवाना पॉइंटला हात लावत नाही. पहिल्या शिकारीला मी मादीचाच टॅग सुचवेन. मांस उत्तम, स्पर्धा कमी. कळपाची संख्या आटोक्यात ठेवायला राज्याला मादीच्याच टॅगचा उपयोग होतो. आणि शिंगांचा मोह नसल्याने लक्ष पूर्णपणे कामावर राहते.

युनिट निवडताना टॅग किती सहज मिळतो यापेक्षा तिथे पाय ठेवता येईल का, हे आधी पाहावे. नकाशावर सार्वजनिक दिसणारी कित्येक जमीन खासगी रँचनी वेढलेली असते. वायोमिंगमध्ये बुद्धिबळाच्या पटासारख्या आळीपाळीने आखलेल्या चौकोनांत एका सार्वजनिक तुकड्याच्या कोपऱ्यावरून दुसऱ्यात पाऊल टाकणे हे अतिक्रमण ठरते का, यावर काही वर्षे खटला चालला. २०२५ मध्ये अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने कौल दिला. त्याच राज्यात घोषित वाइल्डरनेस क्षेत्रात बाहेरच्या माणसाला परवानाधारक गाइड किंवा रीतसर परवानगी घेतलेला स्थानिक सोबती घेतल्याशिवाय एल्कची शिकार करता येत नाही. सोडत जिंकून मग हे कळलेल्या माणसाची निराशा टाळता येण्यासारखी असते.

अमेरिकेत शिक्षण किंवा नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या मराठी तरुणांपैकी कोणाला या वाटेने जायचे असेल, तर एक गोष्ट सांगायला हवी. केंद्रीय कायदा अशा व्हिसाधारकांना बंदूक बाळगायला मनाई करतो, आणि राज्याचा वैध शिकार-परवाना हा त्याला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक आहे. हे वकिलाकडून नीट समजून घेतल्याशिवाय बंदुकीला हात लावू नये. हंटर एज्युकेशनचे प्रमाणपत्रही लागते. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला.

आक्षेप

पहिला आक्षेप असा की जास्त पॉइंटची युनिटे खरोखर चांगली असतात. तिथे टॅग कमी, नर वयस्क आणि यशाचे प्रमाण कितीतरी जास्त. हे खरे आहे. पण ती कोणासाठी चांगली, हा प्रश्न उरतो. वाऱ्याची आणि रानाची भाषा कळलेल्या माणसाला त्या युनिटचे मोल आहे. त्याने पॉइंट जरूर साठवावेत, मात्र दरम्यान दर एक-दोन वर्षांनी दुसरीकडे शिकार करत. माझा विरोध शिकारीऐवजी पॉइंट साठवण्याला आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. जो आधी आला त्याला आधी, यापेक्षा न्याय्य काय असू शकते? रांगेचा न्याय आपल्या सर्वांच्या मनात रुजलेला आहे. परंतु रांग न्याय्य ठरते ती पुढे सरकते तोवरच. वरच्या उदाहरणातल्या पहिल्या आणि विसाव्या तुकडीत गुणांचा, कष्टांचा, गरजेचा काहीच फरक नव्हता. फरक होता तो जन्मवर्षाचा. एकाला दोन वर्षे थांबावे लागले, दुसऱ्याला चाळीस. निव्वळ सोडत बारा वर्षांच्या मुलीला आणि साठीच्या गृहस्थाला सारखेच वागवते, पण तिला स्मृती नाही. तिच्यात कोणी तीस वर्षे रिकाम्या हातानेही राहू शकतो. वायोमिंगचा पंचाहत्तर-पंचवीसचा तोडगा मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतो. रांगेतल्यांना दिलेला शब्द तो बहुतांशी पाळतो आणि काल आलेल्यासाठी दारात फट ठेवतो. निव्वळ रांगेच्या राज्यांनी ती फट मोठी करावी. तसे झाले तर जुन्या पॉइंटधारकांचे नुकसान होईल, हे मी नाकारत नाही. पण व्यवस्था न पेलणारे वचन वर्षागणिक नव्या माणसांना विकत राहिली, तर ते नुकसान दरवर्षी आणखी मोठे होणार आहे.

तिसरा आक्षेप आपल्या वाचकांचा असेल: मुळात मारायचेच कशाला? आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दार बऱ्याच अंशी बंद केले, आणि आपल्या जंगलांची तेव्हाची अवस्था पाहता ते योग्यच होते. अमेरिकेने दुसरा मार्ग घेतला. बाजारासाठीची शिकार बंद केली, परवान्यांवर मर्यादा घातली आणि १९३७ पासून बंदुका व दारूगोळ्यावरचा केंद्रीय कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. लांब नळीच्या बंदुकांवर आणि काडतुसांवर तो अकरा टक्के आहे. परवान्यांच्या फीसोबत त्याच पैशावर एल्कची राने आणि कळप सांभाळले गेले. यामुळे जीव घेण्याचा नैतिक प्रश्न सुटत नाही, आणि ज्याला तो सुटत नाही त्याने शिकार करू नये, हे उघड आहे. पण जो करणार आहे त्याच्यावर तयारीची जबाबदारी दुप्पट येते, आणि तयारी रांगेत उभे राहून होत नसते.

साठवलेले पॉइंट आणि नवखा सोबती

शेवटी थोडे जुन्या पॉइंटधारकांविषयी. गटाने अर्ज केला की वायोमिंग सर्वांच्या पॉइंटची सरासरी काढते. आठ पॉइंटवाली आई आणि शून्यावरचा मुलगा एकत्र अर्ज करतात, तेव्हा गटाचे चार पॉइंट धरले जातात. कोलोरॅडोत हे चालत नाही. तिथे गटातल्या सर्वांत कमी पॉइंटवाल्याचा आकडा सगळ्यांना लागतो. वायोमिंगमध्ये आठ-दहा पॉइंटवर थांबलेल्या आणि ज्याच्यासाठी थांबलो ते युनिट दरवर्षी एक पायरी दूर जाताना पाहणाऱ्या माणसाकडे म्हणूनच एक चांगला पर्याय आहे. त्याने एक नवखा सोबत घ्यावा, वायोमिंगच्या मागच्या पाच वर्षांच्या निकालांत चार-पाचच्या सरासरीला कोणत्या भागात टॅग मिळाले ते शोधावे आणि दोघांच्या नावाने एकच अर्ज करावा. परराज्यातील एल्कच्या अर्जाची मुदत तिथे फेब्रुवारीच्या सुरुवातीला संपते, म्हणजे हे बोलणे डिसेंबरातच व्हायला हवे.